स्प्रिंट ट्रायथलॉन: सायकलचा रेस पेस कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी धावणं, असं स्प्रिंट ट्रायथलॉनचं नेहमीचं माप असतं. पोहण्याचा आणि धावण्याचा अंदाज बहुतेकांना येतो, कारण तलावाची लांबी ठरलेली असते आणि ५ किमी आपण अनेकदा पळालेलो असतो. अडतं ते सायकलपाशी. वारा, चढ, सिग्नल, सोबतीला किती जण होते, टायरमध्ये हवा किती होती, या सगळ्यावर वेग हलतो. म्हणून ‘मी किती वेगाने चालवू’ हा प्रश्न पहिल्या-दुसऱ्या शर्यतीची तयारी करणारे जवळजवळ सगळेच विचारतात. त्यातून पुढे निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सरावात माझा सरासरी वेग ताशी ३० येतो. शर्यतीतही तोच धरू का?

आधी हे ३० कुठून आले ते तपासा. सायकलच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा घड्याळात ‘ऑटो-पॉज’ चालू असेल, तर प्रत्येक सिग्नलला, पाणी प्यायला थांबलात त्या प्रत्येक वेळी घड्याळ थांबतं. सरासरी फुगते, आणि पायांना मिळालेली विश्रांती कुठेच नोंदली जात नाही. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट दम खाऊन काढलेले ३० आणि सलग चाळीस मिनिटांचे ३० यांत खूप फरक आहे.

दुसरी शंका घोळक्याची. चार-पाच जणांच्या मागे बसून चालवलं की हवेचा बराच मार पुढचा खातो. मागच्याला त्याच वेगासाठी पाव ते एक तृतीयांश जोर कमी लागणं अगदी सामान्य आहे.

माझ्या पहिल्या शर्यतीत मी या दोन्ही खड्ड्यांत एकदम पडलो. घड्याळ ऑटो-पॉजवर, सराव कायम गटात. डोक्यात ताशी ३१ पक्कं बसलेलं. शर्यतीत एकट्याने ते ३१ टिकवायला निघालो, बाराव्या किलोमीटरला मांड्या भरून आल्या, शेवटी सरासरी २७ च्या आसपास आली आणि धावताना दुसऱ्या किलोमीटरला चक्क चालायला लागलो. तेव्हापासून कुणी ‘माझा स्पीड अमुक’ म्हटलं की मी पहिल्यांदा घड्याळाची सेटिंग विचारतो.

मग खरा अंदाज कसा काढायचा? माझ्याकडे पॉवर मीटर नाही.

पॉवर मीटर, म्हणजे पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र, नसला तरी चालतं. एक रस्ता निवडा: शक्य तितका सपाट, कमी रहदारीचा, कमी वळणांचा. १० किमी जाऊन त्याच रस्त्याने परत यायचं. सायकल शर्यतीचीच, टायरची हवा तीच, कपडे तेच. ऑटो-पॉज बंद. पंधरा मिनिटं हलकी सायकल, त्यात अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तीन-चार जोरकस तुकडे, आणि मग २० किमी सलग.

जोर किती लावायचा? दहापैकी आठ. म्हणजे श्वास खोल आणि जलद, पण ताब्यात. तीन-चार शब्द बोलता येतात, अख्खं वाक्य नाही. पहिली पाच मिनिटं ‘हे जरा सोपंच चाललंय’ असं वाटलं पाहिजे. ‘आज पाय मस्त आहेत’ असं वाटून तिथेच जोर वाढवलात, तर चाचणी वाया गेली म्हणून समजा.

आता महत्त्वाचा भाग: सायकल ठेवा, बूट बदला आणि लगेच दहा-पंधरा मिनिटं पळा. एका खेळाला लागून दुसरा खेळ जोडणाऱ्या या सरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. पहिली तीन-चारशे मीटर पाय लाकडासारखे वाटतील, ते सगळ्यांनाच वाटतात. त्यानंतर तुमचा ५ किमीचा ठरलेला पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) मिळतोय का ते पाहा. किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे असेल तर सायकलवरचा जोर बरोबर होता. अर्ध्या-पाऊण मिनिटाने पडत असाल तर सायकल जास्त झाली, घड्याळात कितीही छान आकडा दिसो.

असं दीड-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा करा, आणि मुद्दाम वेगवेगळ्या हवेत. समजा सरासरी २७.४, २८.१ आणि २७.७ आली. मध्य साधारण २७.७. त्या वेगाने २० किमीला सव्वात्रेचाळीस मिनिटं लागतात. शर्यतीच्या मार्गावर चार यू-टर्न असतील, तर ब्रेक लावणं, वळणं आणि पुन्हा वेग पकडणं यात प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद जातात, म्हणजे जवळपास एक मिनिट. तुमच्या सरावाच्या रस्त्यावर एकच वळण होतं, हे लक्षात घेऊन कागदावर लिहायचं: ४३ ते ४५ मिनिटं. एकच आकडा लिहू नका. एक आकडा लिहिला की माणूस शर्यतीत त्याच्या मागे धावतो.

पोहून आल्यावर तेवढा वेग निघेल का? सरावात तर ताजे पाय असतात.

पोहण्यात पाय फारसे खर्च होत नाहीत, पण नाडी चढलेली असते. त्यात पाण्यातून उठून पळत सायकलपर्यंत जाणं, हेल्मेट, बूट, गडबड. सायकलवर बसताना हृदयाचे ठोके बहुतेकांचे त्या दिवसातल्या सर्वांत वरच्या पातळीजवळ असतात. पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या गिअरमध्ये पाय फिरवा, श्वास जागेवर येऊ द्या. इथे गमावलेले पंधरा-वीस सेकंद पुढे वसूल होतात.

उलट बाजूने, शर्यतीला तुम्ही आराम करून आलेले असता, बऱ्याच ठिकाणी रस्ता मोकळा असतो आणि आजूबाजूचे लोक पाहून अंगात येतंच. अनुभव असा, की हे दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. म्हणून पोहण्यासाठी मी अंदाजातून काही वजा करत नाही आणि उत्साहासाठी काही मिळवतही नाही. अपवाद पोहणं मुळातच अवघड जाणाऱ्यांचा. ७५० मीटर संपवतानाच दमछाक होत असेल, तर अंदाजाच्या हळू टोकाकडे राहा.

वेग आणि वेळ यांचं गणित झटकन सांगाल?

२० किमीला ताशी २४ ने ५० मिनिटं, २५ ने ४८, २८ ने पावणेत्रेचाळीसहून थोडी जास्त, ३० ने ४० आणि ३२ ने साडेसदतीस.

ताशी ३० वरून ३३ वर जायचं तर दहा टक्के जास्त ताकद पुरेल ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. सपाट रस्त्यावर सायकलला अडवते ती मुख्यतः हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दहा टक्के वाढवला की हवेसाठीची शक्ती सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. टायरच्या घर्षणाचा भाग वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो, त्यामुळे एकूण वाढ जराशी कमी भरते.

सायकलसह ८० किलो वजन, हात ब्रेकच्या मुठींवर, वारा नाही, असं धरून हिशेब केला तर ताशी ३० ला साधारण १६० वॉट लागतात आणि ३३ ला दोनशेच्या थोडे वर. तुमची शरीरयष्टी आणि बसण्याची पद्धत यांनुसार आकडे बदलतील, पण चढण अशीच राहील. ताशी ३० च्या आसपास एकेक किलोमीटर वाढवायला चौदा-पंधरा वॉट मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या चांगल्या सरावानंतर वेग ताशी एक-दीड किलोमीटरनेच वाढला म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

याच गणितामुळे बसण्याची ढब इतकी महत्त्वाची ठरते. हवेच्या अडथळ्यातला मोठा वाटा सायकलचा नसून अंगाचा असतो. कोपर वाकवून, छाती खाली घेऊन, हँडलच्या खालच्या भागाला धरून चालवता आलं तर त्याच ताकदीत वेग वाढतो, आणि त्याला खर्च नाही. २०२२ मध्ये इटलीचा सायकलपटू फिलिप्पो गान्ना याने एका तासात ५६.७९२ किमी सायकल चालवली, ती बंदिस्त वेलोड्रोममध्ये (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर), वाऱ्याशिवाय, सिग्नल आणि यू-टर्नशिवाय आणि अंगाची घडी करून बसून. असे आकडे वाचून आपल्या आकड्याची लाज वाटायचं कारण नाही.

वारा असेल तर? जाताना जे गेलं ते येताना भरून निघतं असं म्हणतात.

निघत नाही. १० किमी समोरच्या वाऱ्यात ताशी २५ ने गेलात: २४ मिनिटं. परतताना वारा पाठीवर, ताशी ३५: सतरा मिनिटं नऊ सेकंद. एकूण ४१ मिनिटं नऊ सेकंद. २५ आणि ३५ ची मधली संख्या ३० असली, तरी सरासरी सव्वाएकोणतीसच्याही खाली राहिली, कारण हळू भागात तुम्ही जास्त वेळ घालवता.

हाच नियम चढालाही लागतो. म्हणून चढावर आणि समोरच्या वाऱ्यात जोर थोडा वाढवायचा, उतारावर आणि पाठीवरच्या वाऱ्यात थोडा सोडायचा. ‘थोडा’ हा शब्द इथे फार मोलाचा आहे. चढावर उभं राहून सगळ्यांना मागे टाकण्याची हौस पुढच्या पाच मिनिटांत फिटते. श्वास तोंडातून सूं-सूं निघायला लागला की समजायचं, मर्यादा ओलांडली.

समोर वारा असताना घड्याळात ताशी २३ दिसलं की पोटात गोळा येतो, तेव्हा वेगाकडे बघूच नका. श्वास आठवर आहे ना? मग बरोबर चाललंय.

पॉवर मीटर आहे. किती वॉट धरू?

सुरुवात एफटीपीपासून. तासभर टिकवता येईल एवढी शक्ती, असा त्याचा ढोबळ अर्थ. तासभर जीव काढायची तयारी कुणाचीच नसते, म्हणून २० मिनिटांची पूर्ण जोराची चाचणी करून तिच्या सरासरीचे ९५ टक्के घेतात. २० मिनिटांत सरासरी २०० वॉट आले तर एफटीपी १९० धरायचा.

स्प्रिंटच्या २० किमीला नवख्याने ८५ ते ९० टक्के, दोन-चार शर्यती झालेल्याने ९० ते ९५ टक्के, आणि मुरलेल्याने त्याच्याही वर, असं मी सांगतो. १९० एफटीपी असलेल्या दुसऱ्या गटातल्या माणसाला १७१ ते १८०. ही टक्केवारी आरंभबिंदू म्हणून घ्या आणि ब्रिकमध्ये पारखा. काहींना ९५ टक्क्यांवर चालवूनही छान पळता येतं, काहींचे पाय ८८ लाच उत्तर देतात. धावण्याची बैठक ज्याची कच्ची, त्याने सायकलवर जास्त राखून ठेवावं.

एक सूचना: पडद्यावर ३ सेकंदांची किंवा १० सेकंदांची सरासरी लावा. क्षणाक्षणाचा आकडा माकडासारखा उड्या मारतो.

हार्ट रेटवरून ठरवलं तर?

चालेल, पण सोबतीला. नाडी एक-दोन मिनिटं मागून येते. चढावर तुम्ही कधीच जास्त जोर लावून बसलेले असता आणि ती अजून शांत असते. गरमी, कमी झोप, कॉफी आणि शर्यतीची धाकधूक यांनी ती जोर न वाढवताही चढते, आणि लांबलेल्या मेहनतीत तसूतसूने वर सरकत राहते.

वापरायचीच तर ३० मिनिटांची एकट्याने, पूर्ण जोराची सायकल चाचणी करा आणि तिच्या शेवटच्या २० मिनिटांची सरासरी घ्या. हा तुमचा उंबरठा. स्प्रिंटमध्ये त्याच्या जरा खाली राहायचं, शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला त्याला टेकलात तरी हरकत नाही. पहिल्या दहा मिनिटांतले आकडे पोहण्याचे आहेत असं समजून सोडून द्या. आणि धावण्यावरून काढलेला उंबरठा सायकलला लावू नका. बहुतेकांचा सायकलचा आकडा पाच-दहा ठोक्यांनी कमी असतो. धावण्याचा लावला की सायकलवर आपोआप जास्त जोर लागतो.

घरात ट्रेनरवर ताशी ३४ येतात. ते धरता येतील?

वेग धरू नका. ट्रेनरवरचा (सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावरचा) वेग हा यंत्राने किंवा ॲपने मांडलेला हिशेब आहे, तिथे ना वारा ना वळण. वॉट मात्र उपयोगी पडतात, ट्रेनर नीट कॅलिब्रेट केलेला असेल तर. पंखा समोर नसेल तर अंग तापून वॉट खाली येतात, त्यामुळे अनेकांचे घरातले वॉट बाहेरच्यापेक्षा कमीच भरतात.

शर्यतीत दुसऱ्याच्या मागे राहून वेग वाढवता येईल का?

हौशी गटांच्या बहुतेक शर्यतींत ड्राफ्टिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या मागे राहून हवेचा मार टाळण्याला, बंदी असते. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांत स्प्रिंट आणि ऑलिम्पिक अंतराच्या अशा शर्यतींसाठी पुढच्या सायकलमागचं निषिद्ध क्षेत्र १० मीटरचं आहे, आणि ते पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकाच्या टोकापासून मागे मोजतात. म्हणजे त्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक यांत साधारण आठ मीटर मोकळे दिसले पाहिजेत. आत शिरलात तर ओलांडूनच बाहेर पडायचं, रेंगाळायचं नाही. तुमच्या शर्यतीची नियमावली वेगळं सांगत असेल तर ती अंतिम.

ऑलिम्पिकमधले ट्रायथलीट घोळक्याने सायकल चालवतात, कारण त्यांना ड्राफ्टिंगची मुभा आहे. त्यामुळे त्यांचे सायकलचे वेळ आपल्या अंदाजासाठी कुचकामी.

साधी हायब्रिड किंवा माउंटन बाइक आहे. काही फरक?

पद्धत तीच. फक्त दुसऱ्याच्या रोड बाइकवरचा आकडा स्वतःला लावू नका. माउंटन बाइकचे गुठळ्यांचे टायर काढून गुळगुळीत बसवता आले तर बसवा, फरक पहिल्याच किलोमीटरला जाणवेल. आणि शर्यतीसाठी सायकल उसनी आणणार असाल तर किमान एक चाचणी तिच्यावर करा. खोगिराची उंची दोन बोटांनी चुकली तरी गुडघे तक्रार करतात.

केडन्स किती असावी?

मिनिटाला पॅडलच्या ८५ ते ९५ फेऱ्या बहुतेकांना मानवतात. यावर रात्र जागवू नका. शेवटच्या किलोमीटरला एक गिअर हलका करून पाय मोकळे करा, म्हणजे झालं.

सायकलवर थोडा जास्त जोर लावून वेळ कमावला आणि धावताना थोडा गमावला, तर बरोबरी होईल ना?

आकडे मांडून पाहू. ताशी २८ ऐवजी २८.५ ने गेलात तर २० किमीत ४५ सेकंद वाचतात. त्यापायी धावण्याचा पेस ६:०० वरून ६:२० झाला, तर ५ किमीत १०० सेकंद जातात. म्हणजे पदरात पडलं उणे ५५ सेकंद, वर हाल.

म्हणून सायकलचा पेस बरोबर होता की चुकला, हे मी सायकलच्या वेळेवरून ठरवतच नाही. धावण्याचा तिसरा किलोमीटर बघतो. पहिल्यात उत्साह असतो, शेवटच्यात समाप्तीची कमान दिसत असते. तिसरा मात्र खरं बोलतो. तो तुमच्या ठरलेल्या पेसच्या आसपास असेल तर सायकल जमली. तो ठरलेल्यापेक्षा वेगवान गेला आणि शेवटी दमही शिल्लक राहिला, तर पुढच्या वेळी सायकलवर आणखी पाच वॉट किंवा ताशी पाव किलोमीटर वाढवायला जागा आहे.

शेवटची चाचणी शर्यतीच्या किती दिवस आधी?

दहा ते चौदा दिवस. शेवटच्या आठवड्यात ‘एकदा बघू तरी’ म्हणून २० किमी जोरात मारण्याचा मोह फार होतो. त्याऐवजी अर्धा तास हलकी सायकल आणि त्यात रेस पेसचे दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे पुरेत.

निकालात माझा सायकलचा वेळ घड्याळापेक्षा तीन मिनिटं जास्त दाखवला. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. काही शर्यतींत चिपवरून वेळ नोंदणारी मॅट ट्रान्झिशनच्या (खेळ बदलण्याच्या जागेच्या) दोन्ही बाजूंना नसते, आणि मग कपडे-बूट बदलण्याचा वेळ सायकलमध्ये जमा होतो. अंतराचंही तसंच. रस्ता मिळेल तसा मार्ग आखावा लागतो, त्यामुळे ‘२० किमी’ कधी साडेअठरा निघतात, कधी एकवीस. दोन शर्यतींची तुलना करायची तर स्वतःच्या घड्याळातलं अंतर आणि लॅपचा वेळ घ्या. सायकलवर बसताना आणि उतरताना लॅपचं बटण दाबायची सवय ब्रिकमध्येच लावून घ्या.

शर्यतीत घड्याळ किंवा कॉम्प्युटर बंद पडला तर?

एक ब्रिक मुद्दाम आकडे न बघता करा. कॉम्प्युटर चालू ठेवा, पण पडद्यावर चिकटपट्टी लावा आणि फक्त श्वासावर चालवा. मग पट्टी काढून सरासरी पाहा. पहिल्यांदा अंदाज ताशी दोन-तीन किलोमीटरने चुकतो, तिसऱ्या-चौथ्यांदा अर्ध्या किलोमीटरच्या आत येतो. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे आता शर्यतीतही वेगाचा रकाना झाकूनच निघतात.